कागदाची सळसळ हाताला झोंबते

बूट दाराशी काढा आणि टाचा न आपटता आत या. हे वर्ष १८६४. फिलाडेल्फिया शहराच्या कडेला, टर्नर्स लेन नावाच्या रस्त्यावर लष्कराचं चारशे खाटांचं रुग्णालय आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध अजून संपलेलं नाही. गेल्या जुलैत गेटिसबर्गला तीन दिवस माणसं कापली गेली. तिथले आणि नंतरच्या लढायांमधले जखमी या खाटांवर आहेत. पण इथे तुम्हाला रक्त फारसं दिसणार नाही. पुष्कळांच्या जखमा केव्हाच भरून आल्या आहेत. गोळी आरपार गेली, हाड वाचलं, हातही वाचला. जाता जाता तिने एक मज्जातंतू अर्धवट दुखावला, एवढंच.

त्या ‘एवढंच’मधून पुढे काय काय निघालं, ते बघायला तुम्ही आला आहात.

डावीकडच्या तिसऱ्या खाटेवरचा पोरगा बावीस-तेविशीचा असेल. उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला, उशाशी पाण्याची बाटली आणि स्पंज. थोड्या थोड्या वेळाने तो स्पंज पिळून फडक्यावर पाणी सोडतो. फडकं जरा सरकलं की तळवा दिसतो. लालभडक, तुकतुकीत, ताणलेली कातडी. तिच्यावर सुरकुती नाही. धडधाकट डावा हातही त्याने ओलाच ठेवला आहे, कारण त्या हाताला कोरडं काही घासलं गेलं तरी आग उजव्या हातात उठते. पलीकडचा एकजण बुटांत पाणी ओतून मगच पाऊल टाकतो.

तुम्ही थोडे पुढे सरकता. लाकडी फळी किंचित हलते. पोरगा दात आवळतो आणि तुमच्याकडे बघतो. तुमच्या पावलाचा हादरा त्याच्या तळव्यापर्यंत पोचला आहे. तेवढ्यात खिडकीपाशी कुणीतरी वर्तमानपत्र उलगडतं. कागद सळसळतो. हा अंग चोरतो, ओरडतो, शिवी हासडतो, आणि मग भिंतीकडे तोंड फिरवून रडायला लागतो. शेजारच्या खाटेवरचा जुना सोबती तुम्हाला हळूच सांगतो, “असा नव्हता हो हा. तोफा धडधडत होत्या तेव्हा आम्हाला हसवायचा.”

डॉक्टर सायलस वेअर मिचेल येतात. वय पस्तीस. बरोबर जॉर्ज मोरहाउस आणि सत्ताविशीचा विल्यम कीन. तिघे रात्री उशिरापर्यंत एकेका रुग्णाची टिपणं काढतात. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली, कोणतं बोट बधिर आहे, कोणत्या बोटाला आग आहे, कातडीचा रंग कसा आहे, घाम येतो का. कातडीखाली मॉर्फीन टोचलं की काही तास आराम पडतो. या रुग्णालयात ती सुई वर्षभरात हजारो वेळा टोचली गेली. याच वर्षी तिघांचं पुस्तक छापून येईल, आणि तीन वर्षांनी मिचेल या जळत्या दुखण्याला ‘कॉझाल्जिया’ हे नाव देतील.

मला या टिपणांमधली एक गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. मिचेल फक्त हात तपासून थांबले नाहीत. दुखणं लांबलं की स्वभाव पालटतो, झोप उडते, चेहऱ्यावर कायमची धास्ती येते, मनमिळाऊ माणूस तुसडा होतो आणि रणांगणावर न डगमगलेला शिपाई पावलाच्या आवाजाने भेदरतो, हेही त्यांनी रोगाच्या लक्षणांतच नोंदवलं. चारित्र्याचा दोष म्हणून नव्हे. हेच डॉक्टर भोळे होते असंही नाही. लढाई टाळायला लुळेपणाचं सोंग घेणाऱ्यांना ते ईथर देऊन उघडं पाडत, आणि त्यावर त्यांनी स्वतंत्र लेखही लिहिला. खरं आणि खोटं पारखण्यात मुरलेल्या या माणसांनी हाताची आग खरी मानली, आणि त्या आगीने पोखरलेलं मनही खरं मानलं.

पण दंडातला एक तंतू दुखावला तर अख्खा माणूस कसा बदलतो? मिचेलना ते सांगता येत नाही. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसायला हवं ते दिसतच नव्हतं. चेतापेशींच्या मधल्या भरावाला जर्मनीत रुडॉल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये नाव दिलं होतं, तेही तो नुसता चिकटवणारा माल आहे असं समजून.

पुढे निघण्याआधी १८८७ मध्ये क्षणभर थांबा. मिचेल आता नावाजलेले वैद्य आहेत. त्यांच्यासमोर पुढे शार्लट पर्किन्स गिलमन या नावाने ओळखली जाणारी लेखिका बसली आहे. तिच्या अंगावर गोळीचा वण नाही. मनाची आणि मज्जासंस्थेची झीज घेऊन ती आली आहे. तिला सांगितलं जातं की पडून राहा, घरसंसारात रमा, लेखणी हातात धरू नका. त्या उपचाराने ती वेडाच्या कड्यापर्यंत गेली, आणि १८९२ मध्ये तिची त्यावरची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा छापून आली. शिपायाच्या मनाचं दुखणं ज्याने इतक्या बारकाईने ओळखलं, त्याला बाईचं दुखणं ओळखता आलं नाही. वण दिसला तर विश्वास, नाही दिसला तर उपदेश, ही रीत तिथेच संपली नाही. आजही ती आपल्या दवाखान्यांत आणि घरांत सर्रास चालते.

आता माद्रिद, १९१९.

खोलीत अमोनियाचा उग्र दर्प आहे. खिडकीशी सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या सदतीस वर्षांच्या गृहस्थाचं नाव पिओ देल रिओ-ओर्तेगा. स्पेनमधल्या मज्जासंस्थेच्या अभ्यासाचे गुरू म्हणजे सांतियागो रामोन इ काहाल. त्यांना १९०६ मध्ये कामिल्लो गोल्जींबरोबर नोबेल मिळालं आहे. चेतापेशी सुट्या सुट्या असतात आणि एकमेकींशी बोलतात, हे काहाल यांनी जगाला दाखवलं. पण चेतापेशी आणि तारकापेशी वजा केल्यावर मेंदूत जो काही तिसरा घटक उरतो, तो त्यांच्या रंगांमध्ये धड उमटत नाही.

ओर्तेगा मेंदूचा पातळ काप चांदीच्या कार्बोनेटच्या द्रावात बुडवतात, बेताने ऊब देतात, धुतात, काचेवर पसरतात. “बघा,” म्हणून ते बाजूला होतात. तुम्ही डोळा लावता. फिकट पिवळसर पार्श्वभूमीवर लहान काळे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यातून निघालेल्या वेड्यावाकड्या, काटेरी फांद्या. मोठ्या चेतापेशींच्या मधल्या जागेत त्या ठरावीक अंतर राखून पसरल्या आहेत. ओर्तेगा दुसरी काच लावतात. हा जखम झालेल्या मेंदूचा काप. इथे त्याच पेशींच्या फांद्या आखडल्या आहेत, अंग फुगून गोल झालं आहे, आणि मेलेल्या पेशींचा चुरा गिळत त्या जखमेभोवती गोळा झाल्या आहेत.

ओर्तेगांनी त्यांना ‘मायक्रोग्लिया’ म्हटलं. गर्भावस्थेत त्या बाहेरून मेंदूत शिरतात, एरवी राखण करतात आणि इजा झाली की रूप पालटून धावतात, हे त्यांनी त्याच वर्षी लिहून ठेवलं. पुढच्या शंभर वर्षांच्या संशोधनाने यातलं बहुतेक सगळं खरं ठरवलं. त्यांचं स्वतःचं आयुष्य मात्र सुखाचं गेलं नाही. तिसऱ्या घटकाची त्यांनी दोन वेगळ्या पेशींत फोड केली ती गुरूंना रुचली नाही, आणि पुढच्याच वर्षी त्यांना गुरूंची प्रयोगशाळा सोडावी लागली. नंतर स्पेनमधल्या यादवी युद्धाने देशही सोडायला लावला. पॅरिस, ऑक्सफर्ड असं करत ते ब्यूनोस आयर्सला पोचले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले. मायक्रोग्लिया त्यानंतर कित्येक वर्षं शास्त्रज्ञांच्या विस्मरणात गेल्या.

पुढची काही दशकं भराभर ओलांडू. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत एक फाटक आहे आणि वेदनेचा कोणता संदेश किती जोराने वर जाईल ते तिथे ठरतं. तीन वर्षांनी मेलझॅक आणि केनेथ केसी यांनी सांगितलं की दुखणं कुठे आणि किती, ही एक बाजू; ते नकोसं वाटणं ही दुसरी; आणि त्याचा अर्थ लावणं ही तिसरी. १९७९ मध्ये वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्याच संवेदना आणि भावना या दोन्हींचा अनुभव अशी केली. १९८३ मध्ये लंडनला क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवर दाखवलं की इजेनंतर वाढलेला हळवेपणा फक्त इजेच्या जागी नसतो. मज्जारज्जूतल्या चेतापेशी स्वतःच जास्त संवेदनशील होऊन बसतात. टर्नर्स लेनच्या त्या पोराचा डावा हात ओला का होता, हे आता कुठे समजू लागतं. गोळी उजव्या दंडाला लागली, पण बदल पाठीच्या कण्यात झाला होता.

आणि बदल घडवणारं कोण? त्यासाठी २००३ मध्ये टोकियोला या.

काझुहिदे इनोउए आणि माकोतो त्सुदा यांचा गट टोरोंटोच्या मायकल साल्टर यांच्याबरोबर काम करतो आहे. समोर उंदीर आहे. त्याच्या पायाकडे जाणारा एक मज्जातंतू काही दिवसांपूर्वी दुखावलेला. संशोधक नायलॉनचा बारीक केस तळव्याला टेकवतात. निरोगी उंदराला याची दखलही घ्यावीशी वाटत नाही, हा मात्र पाय झटकन उचलतो. कागदाची सळसळ आणि हा नायलॉनचा केस, दोन्ही एकच गोष्ट सांगतात की साधा स्पर्श दुखणं झाला आहे. या उंदराच्या मज्जारज्जूत मायक्रोग्लिया फुगल्या आहेत आणि त्यांच्या पृष्ठभागावर ‘पी-टू-एक्स-फोर’ नावाचे ग्राहक उगवले आहेत. एटीपी हा रेणू तिथे येऊन बसला की पेशी चेतते. औषधाने ते ग्राहक बंद केले तर पाय मागे घेणं कमी होतं.

पण पुढचा प्रयोग नीट बघा, कारण माझ्या मते हा सगळ्या प्रवासाचा मध्य आहे. बशीत वाढवलेल्या मायक्रोग्लियांना एटीपी पाजून चेतवलं जातं आणि त्या एका पूर्ण निरोगी उंदराच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडल्या जातात. या उंदराला कुठेही जखम नाही, वण नाही. काही तासांत तोही नायलॉनच्या केसाने पाय उचलायला लागतो.

दोन वर्षांनी, २००५ मध्ये, क्वेबेकच्या ईव द कोनिंक आणि साल्टर यांच्या गटाने पुढचा दुवा जोडला. चेतलेली मायक्रोग्लिया ‘बीडीएनएफ’ नावाचं प्रथिन सोडते. त्याने चेतापेशीच्या आतल्या क्लोराइडचा तोल बिघडतो. एरवी जो संदेश पेशीला शांत करतो, तोच तिला उचकवू लागतो. ब्रेक दाबावा आणि गाडीने वेग घ्यावा, तसं. दुखणाऱ्याने मन कितीही घट्ट केलं तरी या पातळीवर त्याचा काही इलाज चालत नाही.

आता मज्जारज्जूतून वर, मेंदूत चला. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅना टेलर, कॅथरीन केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाचा मज्जातंतू दुखावलेल्या प्राण्यांच्या मेंदूत आनंदाच्या वाटा तपासल्या. सुख मिळालं की डोपामिन सोडणारा हा भाग. पायापासून इतक्या दूरच्या त्या जागीही मायक्रोग्लिया चेतलेल्या होत्या, आणि डोपामिन यायला हवं तेव्हा येत नव्हतं. मिनोसायक्लीन नावाचं औषध देऊन मायक्रोग्लियांना आवरलं तेव्हा ते पुन्हा येऊ लागलं. जुनाट दुखण्यात माणसाला गाणं नकोसं होतं, जेवणात चव राहत नाही, नातवंडं अंगावर आली तरी बरं वाटत नाही. उंदरांवरून माणसाबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं, तरी हा पालट कुठल्या पेशींत सुरू होत असावा याचा माग इथे लागतो.

२०१९, स्टॅनफर्ड. ग्रेगरी कॉर्डर, बियाफ्रा अहानोनू, मार्क श्निट्झर आणि ग्रेगरी शेरर यांनी उंदराच्या डोक्यावर जेमतेम दोन ग्रॅमचा सूक्ष्मदर्शक बसवला आहे. उंदीर मोकळा हिंडतो, आणि त्याच्या अमिग्डालातल्या चेतापेशी पडद्यावर लुकलुकतात. अमिग्डाला म्हणजे मेंदूच्या खोल भागातलं भीतीचं आणि नावडीचं ठाणं. टोचलं की त्यातल्या ठरावीक पेशींचा एक समूह उजळतो. मज्जातंतू दुखावलेल्या उंदरात हलक्या स्पर्शानेही तोच समूह पेटतो. आता संशोधक फक्त तेवढाच समूह गप्प करतात आणि पुन्हा टोचतात. उंदीर पाय उचलतो, म्हणजे टोचल्याचं त्याला कळलं आहे. पण तो पाय चाटत बसत नाही, पळून जायची धडपड करत नाही. टोचणं शिल्लक आहे, त्याचा जाच गेला आहे.

भिंतीकडे तोंड करून रडणाऱ्या त्या पोराला आता उत्तर देता येतं. तुझा जीव लहान झालेला नाही, गड्या. तुझ्या हाताचा बिघाड जिथे पोचला, तिथल्या पेशींचंच काम भीती आणि नावड निर्माण करणं आहे, आणि कागद सळसळला की त्या पेशींना घाव बसल्याची वर्दी मिळते. शिव्या, रडणं, दचकणं हा तुझ्या दुखण्याचाच भाग आहे.

हे ज्ञान अजून पुरतं औषध झालेलं नाही, हेही सांगायला हवं. प्रोपेंटोफिलिन नावाचं, मायक्रोग्लियासारख्या पेशींना आवरणारं औषध नागीण बरी झाल्यावर उरणाऱ्या आगीवर माणसांत तपासलं गेलं. २०१३ मध्ये निकाल छापला, फायदा दिसला नाही. २०१५ मध्ये रॉबर्ट सोर्ज आणि जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं की मायक्रोग्लिया रोखल्या तर नर उंदरांचं दुखणं कमी होतं, माद्यांचं होत नाही. माद्यांना दुखतं तितकंच, पण त्यांच्यात हे काम रोगप्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पेशी करतात. वर्षानुवर्षं प्रयोगशाळांनी बहुतांशी नरच तपासले होते. जुनाट दुखण्याने ग्रासलेल्यांमध्ये बायकांची संख्या जास्त, आणि त्यांचं दुखणं अभ्यासात फारसं नव्हतंच. गिलमनबाईंच्या नंतर सव्वाशे वर्षं उलटल्यावरची ही स्थिती होती, आणि मला तिचा राग येतो.

२०२२ मध्ये त्सुदा यांच्या फुकुओकातल्या गटाने आशेचंही एक कारण दिलं. मज्जातंतूच्या इजेनंतर काही काळाने मायक्रोग्लियांमधलाच एक वेगळा गट पुढे येतो, ‘आयजीएफ-वन’ नावाचं द्रव्य सोडतो आणि दुखणं ओसरू लागतं. बऱ्या झालेल्या उंदरांमधून हा गट काढून टाकला तर दुखणं परत येतं. म्हणजे या पेशींना सरसकट मारून चालणार नाही. कोणत्या वेळी कोणत्या पेशीला हात लावायचा, हे शोधावं लागेल.

शेवटचा मुक्काम सॅन फ्रान्सिस्को, २०२३. प्रसाद शिरवळकर आणि सहकाऱ्यांनी जुनाट मज्जातंतूवेदनेच्या चार माणसांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. तिघांना पक्षाघातानंतरचं दुखणं, चौथ्याला कापलेल्या पायात उरलेलं. ही माणसं आपापल्या घरी राहिली. दिवसातून अनेकदा, कित्येक महिने, त्यांनी एक बटण दाबून मेंदूची नोंद घेतली आणि त्या क्षणी किती दुखतंय ते लिहिलं. जुनाट दुखण्याची चढउतार कपाळामागच्या, डोळ्यांच्या वरच्या भागात सर्वांत स्पष्ट उमटली. हा भाग भल्याबुऱ्याचं मोल ठरवतो, मनःस्थितीशी जोडलेला आहे. मुद्दाम दिलेल्या तात्पुरत्या चटक्याची नोंद मात्र दुसऱ्या भागात जास्त दिसली.

आता घरी या. २०२३ च्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या कित्येकांच्या तळपायांची रात्री आग होते, मुंग्या येतात, चादरीचा स्पर्श सोसत नाही. नागिणीचे फोड वाळून गेल्यावरही फासळ्यांतल्या चमका सोसणारी आजी बहुतेक प्रत्येकाच्या नात्यात आहे. त्यांना “डोळ्यांना तर काही दिसत नाही” किंवा “मन दुसरीकडे वळव” असं म्हणू नका. तीन महिन्यांच्या वर दुखणं राहिलं तर मज्जातंतूंच्या डॉक्टरांना किंवा वेदनाचिकित्सकाला दाखवा, आणि तिथे गेल्यावर नुसता पाय दाखवून परत येऊ नका. झोप किती लागते, चिडचिड किती होते, जगणं नकोसं वाटतं का, हेही सांगा. डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलॉक्सेटीन लिहून दिलं आणि डब्यातल्या कागदावर ‘नैराश्यासाठी’ असं वाचलं, तर आपल्याला वेडं ठरवलं असं मानून गोळी फेकू नका. तीच गोळी मज्जातंतूच्या दुखण्यावरही चालते. ती आपणहून एकदम बंद करू नका, गुंगी किंवा त्रास झाला तर विचारा. आणि पन्नाशी ओलांडली असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना नागिणीच्या लशीबद्दल विचारून या.